फ्रीजमामांचे एकोणीस सिलेंडर

आमच्या फ्रीजला भोक मी पाडलं. हे वाक्य आज लिहायला जितकं सोपं जातंय तितकं त्या सोमवारी बोलायला गेलं नव्हतं. बर्फाच्या कप्प्यात बर्फाने असं काही बस्तान बसवलं होतं की एक दुधाची पिशवी आत अडकून आठवडा झाला होता. फ्रीज बंद करून दोन तास थांबा, बर्फ आपोआप सुटेल, असं बायकोने सांगितलं होतं. पण आपोआप होणाऱ्या कामात पुरुषार्थ तो काय. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, चार घाव घातले, आणि पाचव्या घावाला आतून 'फुस्स' असा लांबलचक सुस्कारा आला. पाचेक मिनिटं तो सुस्कारा चालला होता. मग फ्रीज गप्प झाला, आणि स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "झालं समाधान?"

म्हणून फ्रीजमामांना बोलवावं लागलं.

फ्रीजमामा कुणाचे सख्खे मामा होते ते ठाऊक नाही, पण चार गल्ल्यांतल्या लहानथोरांचे ते मामाच. पस्तीस वर्षं लोकांचे फ्रीज आणि एसी थंड करण्यात गेली, पण हा माणूस स्वतः थंड झालेला कुणाच्या पाहण्यात नाही. बुटके, मानेने जाड, कानामागे पेन्सिल, खिशात टॉर्च. फ्रीजमध्ये गरम पातेलं ठेवणाऱ्या बाईला ते तिच्या नवऱ्यादेखत झापत, आणि एसी सोळावर लावून वर दुलई घेणाऱ्या नवऱ्याला बायकोदेखत. तरी लोक त्यांनाच बोलवत, कारण मामांनी एकदा हात लावलेलं यंत्र पुन्हा दहा वर्षं तोंड उघडत नसे.

मी त्यांना सांगितलं की हे आपोआप झालं. मामांनी कप्प्यात टॉर्च मारला आणि आपोआप पडलेलं भोक चपट्या स्क्रूड्रायव्हरच्या मापाचं कसं काय निघालं, असं बायकोला विचारलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मग विचारलं, आवाज किती वेळ येत होता? पाच मिनिटं म्हटल्यावर ते स्टुलावर बसले आणि सांत्वनाला आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "म्हणजे सगळा गेला."

गेला तो गॅस. जुन्या फ्रीजच्या नळ्यांमधून जो फिरतो आणि गारवा करतो, तो. शंभर-सव्वाशे ग्रॅम असेल नसेल. मी म्हटलं, भरा की नवा. तेव्हा मामांनी मला अर्धा तास शिकवलं. हा गॅस नळीत आहे तोवर गरीब गाय. हवेत सुटला की किलोमागे दीड हजार किलो धुराइतकी पृथ्वी तापवतो. तुमच्या त्या एका घावाने पावणेदोनशे किलो धूर केला, असं ते म्हणाले. दुधाची पिशवी एक, धूर पावणेदोनशे किलो. मी मान खाली घातली. शिक्षा त्यांनी जागच्या जागी सुनावली: गुरुवारी सकाळी आठला तयार राहायचं, सिलेंडर उचलायला एक माणूस कमी पडतोय.

हे सिलेंडर काय प्रकरण होतं ते सांगितलं पाहिजे.

बारा वर्षांपूर्वी देशाने कुठल्याशा करारावर सही केली. सही देशाने केली आणि घाम मामांना फुटला. शहरातल्या झाडून सगळ्या फ्रीज-एसीवाल्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. गालिच्यावर बसवून सांगितलं की दुरुस्तीच्या वेळी यंत्रातला गॅस हवेत सोडू नका, आम्ही देतो त्या मशीनने ओढून सिलेंडरमध्ये भरा, स्वच्छ असेल तर पुन्हा वापरा, आणि सडलेला असेल तर आमच्या केंद्रात आणून द्या, आम्ही तो शास्त्रशुद्ध नष्ट करू. शेवटी एक बडे साहेब उठले आणि म्हणाले की हवा आता तुमच्या हातात आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मशीन घेतली आणि घरी गेले. कुणी त्या मशीनवर चहाची किटली ठेवली, कुणी तिचं रंग फवारायचं यंत्र केलं. मामांच्या मेहुण्याने, म्हणजे मामींच्या सख्ख्या भावाने, आपली मशीन दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावली. ती अजून तिथेच आहे आणि दार खरोखरच आपटत नाही.

एकटे मामा ते भाषण खरं मानून बसले. माणूस रागीट असला की लोकांना वाटतं तो बेरकी असेल. मामा रागीट होते आणि भाबडे होते, आणि हे मिश्रण फार वाईट.

तेव्हापासून ज्या कामाला मेहुणा दोन मिनिटं घेई त्याला मामा पाऊण तास घेत. मेहुणा नळी कापायचा, फुस्स, पुढचं घर. मामा मशीन लावायचे, काट्यावर सिलेंडर ठेवायचे, गेजकडे बघत बसायचे. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं, मामा गिऱ्हाइकाकडे. चांगला गॅस ते गाळून त्याच यंत्रात परत भरत. पण कॉम्प्रेसर जळला की आतला गॅस सडतो, तो कशाला उपयोगाचा नसतो, तो साठायचा. मेहुणा म्हणे, "दाजी, आभाळ काय आपल्याला वाटणीत आलंय का?" मामा म्हणत, आलं नाही म्हणूनच त्यात थुंकायचा हक्क नाही.

पहिल्या चार वर्षांत मामांनी सहा वेळा एकेक सिलेंडर केंद्रात नेऊन दिला. सकाळी द्यायचा, दुपारनंतर रिकामा परत घ्यायचा, वर पावती: 'वायू नष्ट'. त्या सहा पावत्या त्यांनी फाइलमध्ये लावल्या होत्या. लेकीची गुणपत्रिका सापडायची नाही, पण पावत्या डोळे मिटून काढून दाखवतील. मग केंद्राचं स्थलांतर झालं, म्हणजे ते बंद पडलं, आणि आठ वर्षं बंदच राहिलं. मामा थांबले नाहीत. एक सिलेंडर भरला की दुसरा आणायचे. मागची खोली भरत गेली. मामी शेजारपाजारी सांगत, बायका भांडी जमवतात, माझा नवरा हवा जमवतो.

आता लेक रविवारी यायची होती. चार महिन्यांचं बाळ घेऊन, सहा महिन्यांसाठी. मागच्या खोलीत एकोणीस सिलेंडर उभे होते. मामींनी हे भांडण कधीच वाढवलं नव्हतं. या वेळी त्यांनी फक्त तारीख सांगितली. रविवारपर्यंत खोली मोकळी. मेहुण्याने सोपा उपाय सुचवला, गच्चीवर नेऊन झाकणं फिरवा, तासाभरात एकोणीसच्या एकोणीस हलके. मामा त्यानंतर दोन महिने मेहुण्याशी बोलले नाहीत. आणि नेमकी त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली की केंद्र नव्या जागेत पुन्हा सुरू झालं आहे. त्यात एक हिरवं पान होतं आणि पानावर एक हसरं मूल. मामांनी ती कापून पावत्यांच्या फाइलमध्ये लावली.

गुरुवारी आठला टेम्पो दाराशी आला. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आणि टेम्पोवाला मिळून सिलेंडर चढवत होतो आणि मामा प्रत्येकाला, नवऱ्या मुलाला सांभाळावं तसं, "डोकं वर, डोकं वर" म्हणत होते. वाटेत ते चक्क शीळ घालत होते. पस्तीस वर्षांत मी... खरं म्हणजे गल्लीतल्या कुणीच ती ऐकली नसेल.

केंद्र म्हणजे नवी कोरी इमारत. दारात फलक: 'हवा वाचवा, उद्या वाचवा'. आत अंधार. म्हटलं वीज गेली असेल, तर तसं नव्हतं. विजेची बचत म्हणून असे दिवे लावले होते की माणूस हलला तरच पेटतात, आणि त्या कचेरीत कुणी हलत नव्हतं. आम्ही शिरलो तसा लख्ख उजेड पडला आणि टेबलामागचे साहेब दचकले.

साहेब गोड होते. रागवायला जागा मिळू नये अशा बेताने गोड. कागदी पेल्यात चहा आला. एकोणीस सिलेंडर ऐकून त्यांना गहिवरच आला. जिल्ह्यातून कुणी येतच नाही म्हणाले, तुमच्यासारखे नागरिक पाहिजेत. वहीत एकोणीस सिलेंडरांची आवक लिहिली. मग शिपायाला हाक मारली. तो म्हातारा गृहस्थ हातगाडीवर दोन सिलेंडर घेऊन मागच्या दाराने गेला. मामा खुर्चीत ताठ बसून भिंतीवरचं करारावरच्या सहीचं चित्र बघत होते. दिवे गेले. साहेबांनी सवयीने हात वर केला, दिवे आले.

दहा मिनिटांत शिपाई दोन्ही सिलेंडर घेऊन परत आला आणि ते मामांच्या पायाशी ठेवले. रिकामे, म्हणाला.

मामांनी उठून एकावर हात ठेवला. तो तसाच राहू दिला. मग वाकून बुडाकडे पाहिलं. बुडाला पांढरं बर्फ धरलं होतं, बोटभर जाड. मला त्यातलं काही कळलं नाही. मामांना सगळं कळलं, कारण पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. दहा किलो गॅस मशीनने ओढायचा तर तास लागतो. दहा मिनिटांत सिलेंडर रिकामा होतो आणि बुडाला असं बर्फ धरतं ते एकाच रीतीने: झाकण पूर्ण उघडून सोडून दिला तर.

ते मागच्या दाराने गेले. मी मागोमाग. मागे कुंपणाची भिंत होती, भिंतीजवळ एक गोल जागा होती आणि त्या जागेतलं गवत गारठून आडवं पडलं होतं. शेजारी लाकडी खोकं होतं, खिळेसुद्धा न काढलेलं, आणि खोक्यावर शिपायाचा डबा. खोक्यात गॅस नष्ट करायची मशीन आहे, असं शिपायाने आपण होऊन सांगितलं. जुन्या जागेतही ती खोक्यातच होती, नव्या जागेत खोक्यासकट आली. तिला लागते तसली वीज इथे नाही. मला सांगतात रिकामे करून आण, तो म्हणाला, मी रिकामे करून आणतो. काम चुकवल्याचा आरोप आपल्यावर कुणी करू नये, अशी त्याची इच्छा दिसली.

मामांनी विचारलं, "आधीचे सहा?"

"तेव्हाही मीच होतो," शिपाई म्हणाला. "दुपारी या सांगायचो. तोवर बर्फ वितळायचं."

कुंपणच शेत खातं हे आपण शाळेत लिहून आलेलो असतो, मार्कही मिळालेले असतात. ज्याचं शेत असतं त्याचा चेहरा मात्र तेव्हा दाखवत नाहीत. मामांचा चेहरा मी त्या आडव्या गवतापाशी पाहिला. पाऊण-पाऊण तास गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन, थेंब थेंब गोळा केलेला गॅस. ती बारा वर्षं, ती मशीन पाठीवर घेऊन चढलेले जिने. मेहुणा दोन मिनिटांत जे करत होता तेच झालं होतं, फक्त वाटेत एक कचेरी आणि सहा पावत्या जास्त लागल्या होत्या.

आत आले ते मात्र पेटून. त्यानंतर तिथले दिवे एकदाही विझले नाहीत.

साहेबांनी समजूत घातली. हे बघा मामा, ते म्हणाले, आपल्या देशाचं या बाबतीत बाहेर किती कौतुक झालंय. या जिल्ह्याचा आकडा तर सगळा तुमच्या सहा पावत्यांवर उभा आहे. तुमच्या एकट्यासाठी एवढी मशीन चालवणं परवडेल का? आणि चालवली तरी मोठमोठे देश एका दिवसात जे सोडतात त्यापुढे तुमचे एकोणीस सिलेंडर म्हणजे समुद्रात चिमूटभर. तुम्ही फार मनाला लावून घेता. पहिल्या दोन सिलेंडरांच्या पावतीवर सही करा, बाकीचे आम्ही सावकाश करू. असं म्हणून त्यांनी छापील पावती पुढे सरकवली. 'वायू नष्ट'.

मामांचा आवाज अशा वेळी चढतो. त्या दिवशी तो उतरला.

"साहेब, माझा मेहुणा रोज गॅस सोडतो. चोर आहे. पण तो सोडल्यावर पावती देत नाही."

साहेब म्हणाले, भाषा जपून वापरा.

"वापरतोय म्हणूनच एवढंच बोललो. लोक मला हसले, मी म्हटलं, हसा, तिकडे सरकार आहे. बायको म्हणाली खोली दे, मी म्हटलं, थांब, सरकार घेणार आहे. तुम्ही नसतात ना, तर मी नुसता वेडा ठरलो असतो. तुम्ही होतात म्हणून मी बारा वर्षं तुमचा आकडा झालो."

मग कानामागची पेन्सिल न काढता त्यांनी साहेबांच्याच टेबलावरचं शाईचं पेन उचललं. पावतीवरच्या 'नष्ट' वर काट मारली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'मागच्या अंगणात हवेत सोडला. हात लावून पाहिला, बर्फ होतं.' त्याखाली सही, तारीख, वेळ. साहेब कळवळले. पावतीला अनुक्रमांक असतो, ती फाडता येत नाही, वरच्या कचेरीत जशीच्या तशी जाते. एका कागदाची नासाडी झाली, असं ते म्हणाले. त्या माणसाला खरंच कागदाचं वाईट वाटलं असावं. कागद वाचवणं त्यांना जमत होतं.

उरलेले सतरा सिलेंडर मामा परत न्यायला निघाले तेव्हा साहेब आडवे आले. आवक झाली आहे, परत द्यायचा फॉर्मच नाही. मामा म्हणाले, मग फॉर्म येईपर्यंत मला अडवायचाही फॉर्म नसेल. तो नव्हताच. मी सतरा सिलेंडर पुन्हा चढवले. शिपायाने एका बाजूने हात दिला. डबा खोक्यावरून उचलताना तो इतकंच म्हणाला की मशीन लागली तर बरं होईल, उन्हात उभं राहून त्याचंही डोकं दुखतं.

टेम्पो सुरू झाला आणि मामांनी घरी फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. फोनमधला मामींचा आवाज टेम्पोत आम्हा तिघांना स्वच्छ ऐकू आला. "घरात आणायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "रविवार म्हणजे रविवार. आणि सोडून दिलेत, तर तुम्हीही घरात यायचं नाही."

फोन ठेवून मामा समोर बघत बसले. टेम्पोवाला व्यवहारी माणूस. तो म्हणाला, पुढे पुलाखाली मोकळी जागा आहे, कुणी नसतं, अर्ध्या तासाचं काम. मामींना कोण सांगायला जातंय. मग मी बोललो, आणि त्याची लाज मला आहे. मी म्हटलं, मामा, तुम्ही तुमच्याकडून बारा वर्षं केलंत. आता जिथे सरकारच सोडतंय तिथे तुम्ही सोडलेत तर कोण तुम्हाला बोल लावेल. शहाणपण इतक्या स्वस्तात मिळतं म्हणूनच मी ते नेहमी जवळ बाळगतो.

मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तो राग मला अजून पुरतोय. त्यात शिवी नव्हती. त्यांनी मला फक्त साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, नजरेनेच, आणि पुन्हा समोर पाहायला लागले. पूल आला. टेम्पोवाल्याने वेग कमी केला. मामांनी काचेवर बोटाने टकटक केलं, पुढे चल, असं.

वाटेत त्यांनी तीन फोन केले. वरच्या कचेरीत एक, तिथे कुणी उचलला नाही. एक कुठल्याशा कारखान्यात, जिथे मोठ्या भट्टीत असला गॅस खरोखर जाळतात. तिथल्या माणसाने परवानगीचं पत्र आणा म्हणून सांगितलं, आणि पत्र कुणाचं, तर वरच्या कचेरीचं. तिसऱ्यांदा पुन्हा वरच्या कचेरीत. मग आपल्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी लिहिलं: सोमवारी स्वतः जाणे. पुढच्या ओळीत: मंगळवारी पुन्हा जाणे. शुक्रवारपर्यंतच्या ओळी त्यांनी आत्ताच लिहून टाकल्या.

टेम्पो त्यांच्या गल्लीत वळला नाही, आमच्या गल्लीत वळला. मला वाटलं, मला सोडतायत. मामा आधी उतरले, आमच्या जिन्याकडे पाहिलं, पायऱ्या मोजल्या आणि बायकोला खालूनच विचारलं की पाहुण्यांची खोली या आठवड्यात लागणार आहे का. बायको म्हणाली, मुळीच नाही, या ना. ती इतक्या तत्परतेने म्हणाली की हे तिचं आणि मामींचं आधीच फोनवर ठरलं असावं असा मला संशय आहे.

पहिला सिलेंडर माझ्या खांद्यावर होता. दुसऱ्या जिन्यावर मला दम लागला, आणि दम लागला की माणूस तत्त्वज्ञ होतो. मी सिलेंडर पायरीवर टेकवला. म्हटलं, मामा, रागावू नका, पण आज जे पाहिलं ते पाहून विचारतो. मेहुणे सोडतायत, सरकार सोडतंय, सगळं जग सोडतंय. हे सतरा सिलेंडर माझ्या घरात कोंडून ठेवल्याने त्या जगाला काडीचा तरी फरक पडणार आहे का?

मामा दोन पायऱ्या वर होते. दोन्ही हातांत दुसरा सिलेंडर, डोकं वर.

"जगाचं मला विचारू नका, पलंग सरकवा."